उण्या दाबाच्या ओळी

कुरुंदवाडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी प्रौढांचा संगणकवर्ग भरत असे. मोजकीच माणसं यायची. कुणाला वेळ घालवायचा असायचा, कुणाला नातवंडांपुढे मिरवायचं असायचं. विजेच्या खांबांवर चढण्यात उमर गेलेले बापू चौगुले आपल्या रक्तातल्या साखरेचे आकडे एका जागी आणायला येत. हेमांगी तोडकर मात्र पहिल्याच दिवशी नेमकं मागणं घेऊन आली होती.

शिकवणाऱ्या तबस्सुम मुजावरनं सगळ्यांना विचारलं तसं तिलाही विचारलं, "काकू, तुम्हाला काय करायचंय?"

"एक फाईल आहे. तिच्यातले रकाने इकडचे तिकडे करायचेत."

"एवढंच? मग त्याला शिकायला कशाला पायजे? घरातल्या सहायकाला सांगायचं. चहा उकळायच्या आत करून देतोय."

त्या दिवसांत घरोघर तो बोलका सहायक असायचा. पत्र लिहायचा, बिलं भरायचा, प्रोग्रामसुद्धा लिहून द्यायचा.

"सांगितलं होतं," हेमांगी हळू आवाजात म्हणाली. "त्यानं हात पुसून टाकला."

तबस्सुमला वाटलं, काकूंचा बोलण्यात काहीतरी घोळ झाला. पण हेमांगीनं पिशवीतून एक रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. देवाचा टाक ठेवावा तसा, दोन्ही हातांनी.

"ह्यांचा हात आहे यात," ती म्हणाली.

मग कुणी हसलं नाही.

*

गोष्ट इचलकरंजीत सुरू झाली होती. तिथल्या एका कारखान्यात एक नवा धागा विणला जाऊ लागला. दिसायला साधा, सुतासारखाच. पण तो दाबला की त्यात विजेची बारीकशी लहर उठायची, आणि उलट त्यात तेवढीच लहर सोडली की तो तेवढाच ताणला जायचा, फुगायचा. म्हणजे कानही तोच आणि तोंडही तेच. असे धागे उभे-आडवे घालून गोधडी विणली, की धागा जिथं धाग्याला ओलांडतो अशा हजारो गाठी तयार व्हायच्या. प्रत्येक गाठीला क्रमांक. कुणी गोधडीवर हात ठेवला की ज्या ज्या गाठी दबल्या त्या लगेच सांगायच्या: वेळ काय, गाठ कुठली, दाब किती, ऊब किती. वरून दाब आला तर आकडा साधा; गोधडीच्या खालून आला तर आकड्यापुढे उणे. तीच फाईल पुन्हा गोधडीला दिली, की वरून आलेला दाब खाली झोपलेल्याला जाणवायचा आणि खालून आलेला वर हात ठेवणाऱ्याला.

या चार गोष्टी एका ओळीत, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहिल्या जायच्या. मग पुढची ओळ. चित्र नाही, कुलूप नाही, कसली सजावट नाही.

हेमांगीचे यजमान शशिकांत त्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की पान्हा घेऊन धावणारा माणूस. त्यांनी तिथल्या इंजिनिअरांना एकदा विचारलं होतं, "एवढं भारी कापड आणि लिहिता असं, वाण्याच्या यादीगत?" तेव्हा त्यांना उत्तर मिळालं होतं की कारखाने बुडतात, यंत्रं भंगारात जातात, पण अशी साधी ओळ शंभर वर्षांनीही कुणालाही वाचता येते. शशिकांतना ते भारी पटलं. घरी येऊन ते हेमांगीला म्हणाले होते, "बाकी सगळं मोडलं तरी स्वल्पविराम मोडत नाही बघ."

बघता बघता त्या गोधड्या घराघरांत गेल्या. आणि माणसांच्या वागण्यातही काहीतरी सैल झालं. परगावची मुलं आईबापांना भेटायला येण्याऐवजी हात पाठवू लागली. बारशाला पणजोबांचा हात बाळाच्या टाळूवर फिरायचा, पणजोबा तिकडे वृद्धाश्रमात टीव्ही बघत असायचे. "येतोस का?" या प्रश्नाला "हात पाठवलाय की!" असं उत्तर देताना कुणाला वावगं वाटेना.

शशिकांतनी चाचणीसाठी विणलेली अगदी पहिल्या खेपेतली गोधडी घरी आणली होती. हेमांगीची झोप तेव्हापासूनच पातळ. ती कूस बदलू लागली की ते डोळे न उघडता तिच्या पाठीवर थोपटायचे. सुतानं खरखरीत झालेला रुंद तळवा. दोनदा थोपटायचं, थांबायचं, मग पुन्हा दोनदा. वर्षभर त्या गोधडीनं ते सारं टिपलं.

मग शशिकांतना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. तीन महिने ते कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. आता हेमांगी त्यांच्या उशाशी बसून त्याच गोधडीवरून त्यांच्या पाठीवर थोपटायची. डॉक्टर म्हणाले होते, पाठीला किती कळतंय ते सांगता येणार नाही. ती मोठ्यानं विचारायची, "पोचतंय का हो?" भिंतीवरच्या ओलीच्या डागाखेरीज समोर काही नसायचं. ते गेले आणि तो प्रश्न तिच्यापाशी तसाच राहिला. कुणापाशी बोलण्यासारखा नव्हता, म्हणून ती बोलली नाही.

कारखाना बंद पडला. जुन्या गोधडीचे धागे विझले. उरली ती फाईल. लेकीनं, ईशानीनं, हँबर्गहून नवी गोधडी पाठवली, पण नव्या गोधडीची रीत निराळी: तिला आधी ऊब लागायची आणि मग दाब. जुनी फाईल दिली की ती दाबाला ऊब समजायची. नुसतीच तापायची आणि गार पडायची, तापायची आणि गार पडायची. हात म्हणून काही नाही.

सहायकानं रकाने बदलून दिले होते, खोटं कशाला बोला. पण त्याला नीटनेटकेपणाची खोड. त्यानं वर कळवलं होतं: अनावश्यक नोंदी काढल्या, उणे दाब दुरुस्त केले, सुटलेल्या जागा अंदाजानं भरल्या. त्याला तसं करू नको म्हणून सांगितलं, तर त्यानं मान्य केलं आणि पुन्हा थोडं कमी पुसलं. हेमांगी त्या गोधडीखाली झोपली तेव्हा पाठीवर हात पडला खरा. मऊ, एकसारखा, शहाणा हात. कुणाचाही असावा असा. ती ताडकन उठून बसली होती, परक्या माणसानं स्पर्श केल्यासारखी, आणि ती फाईल तिनं सहायकाकडूनच कायमची पुसून घेतली होती.

त्या संध्याकाळी सांजवात लावताना तिनं संकल्प सोडला. त्यांचा खरा हात एकदा पाठीवर पडल्याशिवाय हा उंबरा ओलांडून परगावी जायचं नाही.

*

संकल्प सोडला तेव्हा ईशानीनं गोड बातमी दिली नव्हती. आता ती आठव्या महिन्यात होती.

"आई, तिकीट काढलंस?" फोनवर ती विचारायची.

"काढते गं. एवढं झालं की काढते."

"एवढं म्हणजे ती फाईल ना?"

हेमांगी फोन दुसऱ्या कानाला लावायची.

"तू तिथे बसून रकाने हलवतेयस, आणि मला इथे बुटाची नाडी बांधता येत नाहीये! कुणाला सांगायला गेले तर हसतील." ईशानी हसायला लागली, पण ते हसू अर्ध्यावर मोडलं. "आई, बाबा गेले. मी आहे अजून."

"असं काय बोलतेस!"

"मग काय बोलू? बरं, तुला यायचंच नसेल तर नको येऊस. हात तरी पाठव. इथे सगळ्यांच्या आया पाठवतात. एका संध्याकाळी गोधडीवर थोपट आणि दे पाठवून. बाळाला काय कळतंय!"

फोन ठेवल्यावर हेमांगी कितीतरी वेळ आपल्या तळहाताकडे बघत बसली. लेकीनं टोमणा मारला होता, पण टोमण्याच्या आत मागणं होतं. आणि देवापुढे बोललेला शब्दही मोडवत नव्हता.

*

वर्गात मात्र तिची गाडी झपाट्यानं पुढे चालली होती.

तबस्सुमनं फाईल उघडून ओळी पडद्यावर आणायला शिकवलं. ओळ कुठं तोडायची? स्वल्पविरामावर. मग हातात चार तुकडे येतात: वेळ, गाठ, दाब, ऊब. तिसरा तुकडा चौथ्याच्या जागी ठेवायचा, चौथा तिसऱ्याच्या, पुन्हा स्वल्पविराम घालून जोडायचं आणि दुसऱ्या फायलीत लिहायचं. यात अंदाज नव्हता, दुरुस्ती नव्हती. जे होतं तेच, फक्त जागा बदलून. हेमांगीला ते फार आवडलं. फुलपरडीतली फुलं निवडून दुसऱ्या परडीत ठेवावीत, त्यात एकही पाकळी आपली घालू नये, तसं.

"आता हे नीट ऐका," तबस्सुम म्हणाली. "फाईल तीन रीतींनी उघडते. वाचायला उघडली तर नुसतं बघायचं. जोडायला उघडली तर आहे त्याच्या खाली भर पडती. आणि लिहायला उघडली, तर यंत्र आधी ती रिकामी करतंय. मग तुम्ही लिहा नाहीतर गप बसा. उघडली की रिकामी."

"विचारत न्हाई?" बापूंनी विचारलं.

"न्हाई विचारत."

"लईच आडमुठं की वो तुमचं यंत्र. आमच्या मंडळीसुद्धा भांडं घासायच्या आधी विचारत्यात, संपलं का म्हणून."

सगळे हसले. हेमांगीही हसली. तिला तिचा रोजचा तांब्या आठवला. सकाळी देवापुढचा तांब्या उचलायचा, कालचं पाणी तुळशीला घालायचं, घासून पुन्हा भरायचा. आधी रिकामा, मग ताजा. त्यात तिला न समजण्यासारखं काही वाटलं नाही.

"म्हणून आधी नक्कल," तबस्सुम म्हणाली. "नक्कल केल्याबिगर मूळ फायलीला बोट लावायचं न्हाई. आम्ही हातपाय धुऊन वजू केल्याबिगर नमाजाला उभं राहत न्हाई, तसंच हे. काकू, ऐकताय न्हवं?"

"ऐकतेय."

जोडण्याचा सराव करताना प्रत्येकानं आपल्या फायलीच्या अगदी शेवटी काय आहे ते बघायचं आणि खाली एक ओळ घालायची होती. हेमांगीला त्या फायलीत आपलं काही घालवेना. तेव्हा तबस्सुमनं तिच्या फायलीतला शेवटचा थोडा भाग वाचनालयाच्या संगणकावर वेगळा काढला आणि त्याला 'सराव' असं नाव दिलं. पडद्यावर ओळी उभ्या राहिल्या.

बापू खुर्ची सरकवत जवळ आले. "वैनी, हे बघा. ह्या थोरल्या आकड्याच्या मागनं चार-पाच बारकी पोरं चालल्यात. पुन्हा थोरला, पुन्हा बारकी पोरं."

"धाग्याचा कचरा असंल," तबस्सुम म्हणाली. "जुन्या गोधड्यांत यायचा."

"आणि हे उणे?"

"उणे म्हंजे खालनं. गोधडीखाली कुणीतरी झोपलेलं असणार की. हललं असंल."

मीच ती हललेली, हेमांगीनं मनात म्हटलं, आणि तिला उगाच लाजल्यासारखं झालं. भर दुपारी, चार लोकांत, त्यांचा हात असा उघडा पडलेला. ती हळूच म्हणाली, "वर्ग झाला की हे पुसून टाका हं."

"टाकते की," तबस्सुम म्हणाली.

*

पुढच्या गुरुवारी हेमांगीनं करायचं ठरवलं. दिवस चांगला होता, एकवेळचा उपास होता. तिनं अंघोळ करून दिवा लावला, घरच्या संगणकाला पेनड्राइव्ह जोडला आणि समोरच्या कोऱ्या जागेत शिकलेल्या ओळी एकेक करून लिहिल्या.

नक्कल करायची वेळ आली तेव्हा तिचं बोट थांबलं.

नक्कल म्हटलं की तिला तो शहाणा, मऊ हात आठवायचा. एकदा नक्कल पाठीवर पडू दिली होती, तेवढं बस्स झालं. त्यांचा हात एक होता. त्याचे दोन करून एक इथे आणि एक तिथे ठेवायचा, मग खरा कुठला आणि खोटा कुठला हे कुणी सांगायचं? देवाच्या पादुकांची कुणी दुसरी जोडी काढून ठेवतं का? तबस्सुमचं खरं असेल, पण ते आकड्यांच्या फायलींना. ही तशी फाईल नव्हती.

तिनं नक्कल केली नाही.

आणखी एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली होती. नवी गोधडी 'स्पर्श' या नावाचीच फाईल ओळखायची, आणि मूळ फाईलचं नावही तेच होतं. तेव्हा वाचायच्या फायलीचं नाव तिनं लिहिलं 'स्पर्श', आणि लिहायच्या फायलीचं नावही लिहिलं 'स्पर्श'. देवाला नमस्कार केला आणि कळ दाबली.

काम डोळ्याचं पातं लवतंय तोवर झालं. किती सोपं होतं, तिला वाटलं. तिनं पेनड्राइव्ह गोधडीला लावला, पदर सारखा केला आणि कॉटवर आडवी झाली.

गोधडी हलली नाही. तापली नाही, गारही पडली नाही. नुसती कापडासारखी अंगावर पडून राहिली.

हेमांगी उठली. पडद्यावर नाव होतं तसंच होतं, 'स्पर्श'. शेजारी फाईल किती मोठी ते लिहिलेलं असतं, तिथं शून्य होतं.

यंत्रानं तिचं ऐकलं होतं. आधी वाचायला उघडली, आणि एक ओळही वाचायच्या आत तीच लिहायला उघडली. उघडली की रिकामी.

बाहेर तुळशीपाशी पाणी घालायचा तांब्या घासून पालथा घातलेला होता. ऊन त्याच्यावर पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. रडू यावं असं तिला वाटलं, पण आलं नाही. तिनं चपला घातल्या आणि वाचनालयाचा रस्ता धरला.

*

तबस्सुम खाली पुस्तकांच्या कपाटाशी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं, नक्कल कुठाय?"

हेमांगी पदराचा काठ बोटात धरून उभी राहिली.

"काकू. नक्कल?"

"केली नाही."

तबस्सुमनं खुर्ची पुढं ओढली. "बसा आधी. पाणी प्या."

तिनं पेनड्राइव्ह लावून बरीच खटपट केली. मग मान हलवली. "हल्लीच्या पेनड्राइव्हना स्वच्छतेची लई हौस. रिकामं म्हटलं की आतनंबी खरवडून काढत्यात. काही उरलं न्हाई यात."

"गेलं म्हणजे गेलंच ना?"

"गेलं."

वर पंखा कुरकुरत होता. अचानक तबस्सुमनं कपाळावर हात मारला.

"काकू, मी लई आळशी बाई हाय. अम्मी रोज म्हणायची. तुम्ही त्या दिवशी पुसून टाका म्हणालेला, आणि मी न्हाई पुसलं."

दोघी वर गेल्या. 'सराव' तिथंच होती. वर्गाच्या संगणकावर, बापूंच्या साखरेच्या शेजारी.

"किती आहे?" हेमांगीनं विचारलं.

"थोडीच हाय. पाच-सहा वेळा थोपटल्याएवढी." तबस्सुमनं तिच्याकडे बघितलं. "मी करून देऊ?"

"नको. मी करते."

"मग आधी काय?"

"नक्कल," हेमांगी म्हणाली.

तिनं नक्कल केली. वाचायचं नाव वेगळं लिहिलं, लिहायचं नाव वेगळं लिहिलं. ओळ स्वल्पविरामावर तोडली, तुकड्यांच्या जागा बदलल्या, ओळ पुन्हा जोडली. बारकी पोरं ठेवली, उणे आकडे ठेवले. झाल्यावर दोन्ही फायली उघडून बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली, आणि मगच नव्या फायलीला 'स्पर्श' हे नाव दिलं.

*

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. तिनं सांजवात लावली. कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपली, गोधडी खांद्यापर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

पाठीवर हात पडला.

अरुंद हात होता. हलका, गारसर. थोपटल्यावर त्याच्या मागोमाग काहीतरी बारीक, कडक, एकापाठोपाठ एक टेकत गेलं, चार-पाच ठिकाणी. पुन्हा हात, पुन्हा ते बारीक टेकणं. आणि गोधडी शांत झाली.

हे त्यांचं नव्हतं. पुन्हा काहीतरी चुकलं. रकाने चुकले, नाहीतर फाईलच भलती. तिनं पुन्हा लावून बघितलं. हात पडला, त्यामागून ती कडक ओळ घरंगळत आली. धाग्याचा कचरा म्हणाली होती तबस्सुम. कचरा कसा असेल? प्रत्येक वेळी तेवढ्याच अंतरानं, हाताच्या मागून, मनगटापाशी.

मनगटापाशी.

तिनं गोधडीतून आपला हात बाहेर काढून डोळ्यांसमोर धरला. मनगट मोकळं होतं. काचेच्या बांगड्या ते गेल्यावर तिनंच उतरवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. या भागातून ती चाल केव्हाच उठली होती, शेजारणी तर रागावल्या होत्या. पण बांगड्यांचा आवाज ऐकणारं माणूस राहिलं नाही, मग कशाला, असं तिला वाटलं होतं.

वर्गात शेवटचा भाग काढला होता. शेवटचा म्हणजे शेवटच्या दिवसांतला. हा हात तिचा होता. आणि ज्या पाठीवर तो पडत होता, ती पाठ त्यांची.

ती हलली नाही. समोर भिंतीवर ओलीचा तोच डाग होता. याच्याकडे बघत ते पडून असायचे, आणि मागून हे असं यायचं. इतकं हलकं? आपण तर जीव ओतून थोपटत होतो. आणि बांगड्या अशा लागायच्या? एवढ्या वर्षांत ते कधी बोलले नाहीत. तिला स्वतःचीच कीव आली, आणि मग त्यांची.

मग तिला उणे आकडे आठवले.

उणे म्हणजे खालून. गोधडीखाली कुणीतरी होतं, हललं असेल.

ती कॉटवरून उतरली. गोधडी नीट पसरली. तेव्हा बसायची तशी उशाशी बसली, आणि जिथं पाठ यायची तिथं वरून तळवा ठेवला. दुसऱ्या हातानं फाईल लावली.

क्षणभर काही नाही. मग तळव्याखाली कापड उचललं गेलं. सावकाश, कष्टानं, पाण्याखालून काही वर यावं तसं. उबदार आणि रुंद. तळव्याला येऊन टेकलं, थोडं थांबलं आणि थरथरत खाली गेलं. पुन्हा वर आलं. थोपटणं त्याच्यानंतर यायचं; कापड तळव्यापासून खाली दबलं की ते कळायचं. तो दाब थोपटण्याच्या आधी येत होता, दर वेळी थोडा आणखी आधी. हात पडायची वाट बघवत नसल्यासारखी ती पाठ मागे सरकून हाताला येऊन भेटत होती.

कापड निपचित झालं तरी तिनं हात उचलला नाही.

"पोचत होतं की हो," ती म्हणाली. मग रडली. समईतली वात तिनं दोनदा पुढे सारली.

*

"फाईल झाली का?" ईशानीनं फोनवर विचारलं. तिच्या आवाजात आता टोमणाही उरला नव्हता.

"गेली बघ. माझ्याच हातून गेली. थोडी उरलीय."

"आई... अगं, म्हणजे बाबा…"

"तू जिवाला लावून घेऊ नकोस. सोमवारचं तिकीट काढलंय."

"आणि तुझा तो संकल्प? हात पाठीवर पडल्याशिवाय जायचं नाही म्हणाली होतीस ना?"

"पडला नाही," हेमांगी म्हणाली. "मी मागितलं होतं एक आणि मिळालं दुसरं. देवाला त्यातलं कळतं, मी बघून घेईन त्याचं. तू बुटाच्या नाड्या बांधायच्या भानगडीत पडू नकोस. चपला घाल."

ईशानी हसली आणि हसता हसता नाक ओढू लागली. "मी उगाच म्हणाले गं तेव्हा, हात पाठव म्हणून."

"पाठवत नाहीच मी. घेऊन येते."

शनिवारी ती पूल ओलांडून नृसिंहवाडीला गेली. दर्शन घेतलं. परतताना बांगड्यांच्या दुकानापाशी थांबली. दुकानातली बाई ओळखीची होती. इतक्या वर्षांनी हेमांगीला समोर बघून तिनं पाट पुढे सरकवला.

"या वैनी! कुणासाठी दाखवू?"

"नातवंडासाठी. यायचंय अजून."

"मग एकदम बारकं माप काढते. काळे मणी घातलेल्या आल्यात नवीन."

"नको," हेमांगी म्हणाली, आणि आपला हात तिच्यापुढे धरला. "माझ्याच हातात भरा."

बाईनं एकदा तिच्या तोंडाकडे बघितलं. तो हात आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन तिनं हळूहळू दाबून मऊ केला आणि पहिली हिरवी बांगडी बोटांवरून आत सरकवली.